गप्प बसायचा रविवार

आमच्या केनियातल्या क्वेकर चर्चमध्ये रविवारी ढोल, गाणी आणि माझं प्रवचन असतं. इंग्लंडहून आलेले पाहुणेही क्वेकरच, पण गप्प बसून प्रार्थना करणारे. "पास्टर, एक रविवार आमच्या पद्धतीनं करू या," ते म्हणाले. मी हो म्हणून बसलो.

"माझी बायको तासभर गप्प? उगाली खातानाही तिचं तोंड थांबत नाही," म्हातारे जुंबा म्हणाले. सगळे हसले. मग शांत झाले.

अशा शांततेत ज्याला आतून शब्द येतील, त्यानं उठून बोलायचं असतं. अर्ध्या तासानं केगेहा आजी उठली.

"दंगलीत माझ्या पोराला ओढून नेलं, तेव्हा मी खाटेखाली होते. तोंडं दिसली नाहीत. एकाचा श्वास तेवढा ऐकला, शिट्टीसारखा वाजणारा. सोळा वर्षांनी आज तो पुन्हा ऐकला. इथंच."

ती माझ्याकडे वळली.

"पास्टर, पुढच्या रविवारीही असंच बसायचं ना?"

मी नुसती मान हलवली. बोलायचं तर श्वास घ्यावा लागला असता.