पुलाखालचं प्रभुभोजन

चूक माझीच. आमच्या पुलाखालच्या उपासनेला निम्मी मंडळी दारू सोडू पाहणारी, म्हणून प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घोटभर घ्यायच्या विधीला, वाइनऐवजी द्राक्षाचा रस असतो. त्या रविवारी घाईघाईत मी चर्चच्या कपाटातून भलतीच बाटली उचलली. पेले भरून रांगेतून फिरले. पाळकांची प्रार्थना संपली की सगळ्यांनी एकदम प्यायचं. माझा भाऊ चार वर्षं पिऊन याच पुलाखाली पडून असायचा, पण सहा महिने थेंबाला शिवला नव्हता. "आमेन" झालं. त्याने पेला ओठांपाशी नेला आणि थांबला. तेव्हा मलाही वास आला. एका घोटात सहा महिन्यांवर पाणी पडलं असतं. "कुणी पिऊ नका, वाइन आहे," तो म्हणाला, "यापुढे ताईच्या हाती बाटली देऊ नका." आणि पेला मला दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून भरलेला पेला परत आला होता.