पीयूसीत पास

अरे, तू नुसतं ऐक! स्टीफनला दोनच नाद: आपली जुनी कार सुसाट पळवायची आणि पीयूसी सेंटरवरच्या नॅन्सीला इम्प्रेस करायचं. इंजिनात रेसच्या गाडीचा कॅमशाफ्ट बसवला, तर गाडी पळाली लई, पण पीयूसीत तीनदा नापास. नॅन्सीनं झापलं, "गाडी हाय का वीटभट्टी?"

शेवटी नागापूरचा मेकॅनिक म्हणाला, "हा मधला कॅमशाफ्ट घे. वेग थोडा कमी, पण धूर नियमात." पठ्ठ्यानं तोच बसवला आणि गाडी पास! नॅन्सी पहिल्यांदाच हसली. सर्टिफिकेट देत म्हणाली, "शाबास! आता सहा महिने इकडं यायची गरज न्हाई."



रविवारी चर्चबाहेर स्टीफन एकेकाला गाठून विचारत होता, "अंकल, तुमची पीयूसी संपली असंल ना? द्या चावी, मीच काढून आणतो!"

सांग, तू काय केलं असतंस?