सरळ रेघांचा दरवाजा

खंडेनवमीच्या पूजेसाठी प्राजक्ताबाईंनी गाडीचा स्टीलचा दरवाजा तारेच्या घासणीने गोल गोल घासून लख्ख केला, आणि त्या क्षणापासून रस्त्यावरच्या एकाही वाहनाला ती गाडी दिसेनाशी झाली. चालकाविना धावणारी वाहने परस्परांना ओळखत ती स्टेनलेस पत्र्यावरच्या समांतर रेघांवरून. दरवाजावर आता नुसती वर्तुळे उरली होती. त्याच संध्याकाळी गाडीची तपासणी होती; तीत नापास होणारी गाडी वितळवली जाई, आणि ही गाडी त्यांच्या दिवंगत यजमानांची होती.

"आई, दार आहे ते, परात नव्हे," सून इरा म्हणाली.

"चमकतंय ना पण?" प्राजक्ताबाई म्हणाल्या खऱ्या, पण घासणी त्यांनी पदराआड लपवली.

इराने लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश कागद गुंडाळला आणि दरवाजावर पाणी शिंपडून रेघा ओढू लागली. प्रत्येक रेघ टोकाशी वाकत होती.

प्राजक्ताबाई बराच वेळ निरखत राहिल्या. "अगं, खांद्यातून हात फिरला की रेघ वळणारच. आण इकडे. बिघडवलं मी, निस्तरेनही मीच."

हात ताठ धरून त्या दरवाजालगत स्वतःच चालू लागल्या. रेघ सरळ उमटली. दुपारभर त्या चालत राहिल्या.

तपासणीच्या मैदानात एक रिकामी मालमोटार थेट त्या दरवाजाच्या रोखाने सोडण्यात येणार होती; रेघा दिसल्या तर ती थांबेल, नाहीतर धडकेल.

"आजी, खाली उतरा," गाडीत बसलेल्या प्राजक्ताबाईंना निरीक्षक म्हणाले.

"रेघा मी ओढल्यात. मी बसणार."

मालमोटार धडधडत आली आणि दरवाजापासून हातभर अंतरावर थबकली. प्राजक्ताबाईंनी काच खाली केली.

"दिसले ना रे बाबा? मग हो आता मागे!"

आणि ते अवजड धूड मुकाट्याने मागे सरकले.