पाळीचा आवाज

"धोक्याचा भोंगा वाजला होता, वहिनी. गाण्यांच्या नादात त्याला ऐकू आला नाही. चूक त्याचीच," कारखान्याचे मॅनेजर म्हणाले.

तिने नवऱ्याचा जुना प्लेअर टेबलावर ठेवला. "यात एकही गाणं नाही, साहेब. मशीन कुठे कुरकुरतं ते घरी नीट ऐकता यावं म्हणून ते पाळीभर आवाज रेकॉर्ड करायचे. ते गेले त्या दिवसाचाही आहे, शेवटपर्यंत. भोंगा नाही त्यात."

"असं? मग मोठ्यानेच ऐकू." त्यांनी प्लेअर कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर अक्षरं उमटली: हा प्लेअर इथे चालत नाही. चालवायचा तर आतलं सगळं पुसावं लागेल. पुसायचं?

तिचं वाचून होईपर्यंत त्यांनी 'हो' दाबलं होतं.

"घ्या वहिनी," ते मायेने म्हणाले, "आता यात हवी तेवढी गाणी मावतील."