कोंबड्यांची मोजणी

भामरागडजवळच्या कमळाबाईंना एका प्रकल्पातून दहा कोंबड्या मिळाल्या. पाचच्या खाली गेल्या तर पुढची मदत बंद, असा नियम होता. प्रकल्पाचे साहेब दर महिन्याला मोजायला येत आणि बाई त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसत. दर खेपेला एक कोंबडी कमी भरे. सहा उरल्या तेव्हा साहेबांनी वहीत कारण लिहिलं: मुंगूस असावं.

पावसाळ्यात पुराने रस्ता बंद झाला. तीन महिन्यांनी साहेब धास्तावूनच आले, तर अंगणात पिलांसकट एकोणीस.

"बाई, असा काय उपाय केला?"

कमळाबाईंनी त्यांच्यापुढे भात आणि कोंबडीचा गरम रस्सा ठेवला.



"मी काय करन, साहेब? रस्ता बंद होता, तुमी आलेच नाई."