अकरा नंबरची पोरगी

“अकरा नंबरची पोरगी कोणाले देली, बाई? तेवढं सांगा अन् मले मोकळं करा.”

जमादार गुणवंतराव आठवड्यात दुसऱ्यांदा वच्छलाबाईच्या ओसरीवर बसले होते. मांडीवर ठाण्याचं रजिस्टर, आणि भर जानेवारीत कपाळावर घाम.

वच्छलाबाई तांदूळ पाखडत राहिली. “सहा वर्सं झाली, भाऊ. मले काय याद?”

नागभीडच्या स्टेशनावर दोन बाजूंच्या गाड्या मिळत. जत्रेच्या दिवसांत त्या गर्दीत पोरं हरवत आणि ठाण्यात आणली जात. ठाण्यात बाईमाणूस नव्हतं. स्टेशनामागे राहणारी वच्छलाबाई, तळ्यात मासे धरणाऱ्या मनसारामची बायको, सेहेचाळीस सालापासून अशी पोरं घरी नेत होती. त्यांना न्हाऊ घालायची, भात भरवायची, रात्रभर थोपटायची आणि आईबाप आले की सोपवून द्यायची. अशी एकतीस पोरं झाली. एवढ्या वर्षांत ठाण्यातून कोणी तिला बरं म्हटलं नव्हतं, आणि तिचं त्यावाचून अडलंही नव्हतं.

आता चांद्याला नवे पोलीस कप्तान आले होते. पोलिसांच्या मदतीला येणाऱ्या नागरिकांचा सव्वीस जानेवारीला सत्कार करा, असा त्यांचा हुकूम होता. शाल, नारळ, प्रशस्तिपत्र. त्याआधी एक तक्ता भरून हवा होता: कोणतं पोर कधी सापडलं, कोणी नेलं, नेणाऱ्याचा अंगठा. गुणवंतराव दसऱ्यालाच इथे बदलून आले होते. त्यांनी रजिस्टरं काढली, धूळ खाल्ली, तीस रकाने भरले. अकरावा कोरा राहिला. ‘मुलगी, वय अंदाजे सव्वा वर्ष. फलाटावर, बाकाखाली. फेब्रुवारी १९४९.’ पुढे काहीच नाही.

“एक मामा आला होता तिचा,” वच्छलाबाई शेवटी म्हणाली. “कोलू नावाचा. ब्रह्मपुरीकडचा होता वाटते.”

गुणवंतराव गाडीने ब्रह्मपुरीला गेले. धानाच्या बांध्यांतून तीन गावं पायी फिरले. तीन कोलू भेटले. एक आंधळा होता. दुसऱ्याला बहीणच नव्हती, मग भाची कुठली? तिसऱ्याला वाटलं, पोर पळवल्याचा आळ आला. तो काठी घेऊन अंगावर धावला.

परत उतरले तेव्हा फलाटावर हमाल पत्रू दिसला. पोरगी बाकाखाली पहिल्यांदा त्यालाच दिसली होती, असं रजिस्टरात होतं.

“कोणी नेली रे तिले?”

“मले नाई मालूम, जमादार साहेब.”

“तिकिटबाबूले नाई मालूम. चहावाल्याले नाई मालूम. सारं नागभीड एकाच दिवशी इसरलं काय?”

पत्रूने डोक्यावरचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि तो दुसऱ्या टोकाला निघून गेला.

“मंग वडशाचा असन,” दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई म्हणाली.

गुणवंतराव वडशालाही जाऊन आले. तिथे कोलू नावाचा माणूसच नव्हता. नवा बूट मात्र चावला. लंगडत ते थेट स्टेशनावरून तिच्या ओसरीवर येऊन आदळले.

“बाई, तुमचा सत्कार करून राह्यलो आमी! चोर नाई पकडून राह्यलो!”

“मंग नका करू. मले नाई पायजे शाल. माझं नाव काटा.”

“नाव कप्तान साहेबाकडे गेलं. काटलं तर काऊन काटलं म्हणून चौकशी. रकाना कोरा राह्यला तर त्याची चौकशी. कोणी न्यायले आलं नाई तर पोर नागपूरच्या अनाथालयात धाडायचा नियम आहे. धाडल्याचा कागद नाई. मंग पोरगी गेली कुठी? कप्तान साहेब मलेच इचारतीन ना!”

वच्छलाबाईच्या हातातलं सूप थांबलं. दोन-चार दाणे जमिनीवर सांडले, ते तिने वेचले नाहीत.

आतून चंदा, तिची लेक, पाटी घेऊन बाहेर आली. “आई, शाल लाल रायते का वो?”

“जाय आत!” वच्छलाबाई एवढ्या जोरात ओरडली की कोपऱ्यातली कोंबडी फडफडली.

पोरगी आत गेली, पण लगेच पाण्याचा लोटा घेऊन आली आणि जमादारांपुढे धरून उभी राहिली. ते घटाघटा पाणी प्यायले.

“कितवीत आहेस?”

“पहिलीत.”

गुणवंतरावांनी लोटा खाली ठेवला. रजिस्टर उघडून अकरा नंबरच्या पोरीचं वय पुन्हा वाचलं, बोटांवर सहा वर्षं मोजली आणि चंदाकडे पाहिलं. मग टोपी घातली आणि लंगडत निघून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. वच्छलाबाई मात्र दाराशी पाऊल वाजलं की दचकत होती.

सव्वीस तारखेला ठाण्याच्या अंगणात कनात लागली. मनसाराम धुतलेला सदरा घालून मागे उभा होता. कप्तान साहेबांनी तक्ता हातात घेतला. “एकतीस मुलं,” ते म्हणाले, “आणि एकतीसही आपापल्या माणसांत पोचली. एकही रकाना कोरा नाही.” टाळ्या वाजल्या. वच्छलाबाईच्या हातातला नारळ निसटता निसटता राहिला.

कप्तान साहेबांची मोटार गेल्यावर तिने गुणवंतरावांना गाठलं. ते खुर्च्या मोजत होते, वैतागलेले.

“जमादार भाऊ, त्या अकरा नंबरचं काय केलं?”

“भरलं. सापडला कोलू. अंगठा घेतला.”

“सापडला? कुठी?”

“सापडला म्हणतो ना, बाई! आणखी किती पायपीट करावी माणसानं?”

त्यांनी खुर्ची उचलायला हात पुढे केला. उजवा अंगठा निळा-काळा झाला होता. वच्छलाबाई त्या अंगठ्याकडे बघतच राहिली.

गुणवंतरावांनी अंगठा पाटलोणीला घासला. “दोन दिवस झाले, शाई जात नाई,” ते करवादले. “जा आता घरी. अन् चंदाले सांगजा, कोलूमामानं इचारलं म्हणून.”