दुबईहून आलेला माणूस

"पाय! पाय पसर की जरा!" सुदर्शन ओरडला. "पुरुष खुर्चीत बसतो तेव्हा खुर्ची त्याच्या बापाची असते. तू बसलीस ती पाहुण्यांपुढे पोहे घेऊन आल्यासारखी."

मैनानं पाय पसरले. दोन मिनिटांत गुडघे परत एकमेकांना भेटायला आले.

सुदर्शननं कपाळावर हात मारून घेतला. तीन आठवडे हेच चाललं होतं, पालथ्या घड्यावर पाणी. सदाशिव पेठेतल्या या खोलीत त्यानं कितीतरी पोरांना नऊवारीत उभं केलं होतं आणि पोरींना मिशा लावून स्टेजवर सोडलं होतं. तो स्वतः 'चंपा' होऊन आर्ट गॅलरीतल्या प्रयोगात उतरला, की पहिल्या रांगेतल्या बायका त्याला ब्लाउजचा शिंपी कोण म्हणून विचारायच्या. बाई कोण, बुवा कोण आणि सोंग कोणाचं, हे मला लांबून कळतं, असं तो छाती ठोकून सांगायचा. आणि ही मैना! काही केल्या बाईची बाईच राहायची.

बरं, अंगातच नाही म्हणावं, तर तसंही नव्हतं. कोटाला खांद्यात पॅड लागले नाहीत. बूट पहिल्याच दुकानात मापाचे मिळाले. पहिल्या दिवशी "आवाज खाली आण" म्हटल्यावर तिनं असा काही आवाज काढला की सुदर्शनच चपापला. "वा! हाच!" तो म्हणाला. पण मैना घटाघटा पाणी प्यायली आणि तो आवाज तिनं पुन्हा म्हणून काढला नाही.

त्यात वाघोलीच्या एका कार्यक्रमासाठी तिला मिळालेलं ते पात्र म्हणजे आणखी वैताग.

"हे लिहिलंय तरी कोणी?" त्यानं कागद आपटला. "माणूस दुबईत नोकरीला. सात वर्षांनी परत येतो. आणि बोलतो काय, तर 'विमानाला उशीर झाला'. बास? अगं, एवढ्या वर्षांनी आलेला माणूस काहीतरी बोलेल की नाही?"

"त्यानं कमीच बोलायचंय, सर. नम्रताचं तसं म्हणणं आहे."

नम्रता म्हणजे वाघोलीच्या त्या कार्यक्रमाची कर्तीधर्ती. सुदर्शननं तिला पाहिलं नव्हतं, पण फोनच्या स्पीकरवर तिला ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. भुवया वाढू द्या. कानाची भोकं बुजवा. मिशी चिकटवू नका, खोटी दिसते. नेलपॉलिशचा कण राहता कामा नये. मैनाला ती एकदाही नावानं हाक मारायची नाही, नुसते हुकूम.

"अहो बाई, गोड बोललात तर फोनचं बिल वाढत नाही," सुदर्शननं एकदा सुनावलं. पलीकडून फोन बंद.

"सोड ना हे लचांड," तो मैनाला म्हणाला. "पुढच्या महिन्यात गॅलरीत आपला प्रयोग आहे. तिथे हवं ते कर, कोणी विचारणार नाही."

"मला हाच करायचाय." मैना म्हणाली. "किती वर्षांनी बोलावलंय तिनं. हा पडला, तर ती मला पुन्हा दारात उभं करणार नाही."

"मग पाय पसर!"

शेवटची परीक्षा म्हणून त्यानं तिला शर्ट-पँट चढवून मंडईत धाडलं आणि स्वतः मागे राहिला. एक भाजीवाली ओरडली, "ओ दादा, कोथिंबीर घ्या की! ताजी हाय!"

सुदर्शन गर्दीतच टाळी देणार होता. "पास झालीस, बये!"

मैनानं कोथिंबीर घेतली नाही. सुदर्शनच्या आधी रिक्षात जाऊन बसली. हिला कौतुकाचीसुद्धा किंमत नाही, म्हणून सुदर्शन चरफडला.

खोलीच्या जिन्यात तिनं विचारलं, "तो माणूस रडतो का, सर?"

"स्क्रिप्टमध्ये आहे?"

"नाही."

"मग नाही रडत. आणि आलंच पाणी, तर ते काजळ जपल्यासारखं बोटाच्या टोकानं टिपू नकोस. सरळ मनगटानं पुसायचं."

मैनानं मान हलवली. "तुम्ही मात्र येऊ नका तिकडे."

असं कोणी सांगितल्यावर सुदर्शन घरी बसणार होता होय?

वाघोलीच्या हॉलच्या दारात फुलांची कमान पाहून त्याचं डोकंच फिरलं. लग्न! म्हणजे तीन आठवडे आपण घसा फोडला तो वऱ्हाडाच्या करमणुकीसाठी? जेवणाआधी पाहुण्यांना हसवायचं म्हणून बाईला कोट घालून उभं करणार? धन्य ती नम्रताबाई! तिला गाठून चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून तो आत घुसला.

मैना पुढच्या रांगेत बसली होती. अंगात कोट, डोक्याला मानाचा फेटा, पाय ऐसपैस पसरलेले. शेजारच्या आजोबांनी तिला काहीतरी विचारलं.

"विमानाला उशीर झाला," ती म्हणाली. त्याच आवाजात.

कोणी हसलं नाही. घ्या, विनोदही पडला, सुदर्शन मनात म्हणाला.

नवरदेव पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला गेला. माईकवरून गुरुजींनी घाई केली, "मुहूर्त जवळ आलाय. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मैना उठली.

सुदर्शन जागच्या जागी थिजला. ती खुर्च्यांमधून चालत गेली, आणि त्या चालण्यात त्याला एक चूक काढता आली नाही. दाराशी मुंडावळ्या बांधलेली नवरी उभी होती, शेजारी शालूतली तिची आई. नवरीला पाहताच मैनाचे डोळे भरले. ती ते बोटाच्या टोकानं टिपायला लागली.

नवरीची आई झटकन आडवी आली आणि आपल्या पदरानं तिचे डोळे पुसू लागली. आवाज फोनवरचाच होता, फक्त त्यात हुकूम नव्हता.

"दादा, रडू नकोस ना रे. भाची थांबलीय तुझी."